आजीची खुर्ची

दोस्तांनो, परीक्षा संपल्या ना? मग आता दुपारी काय करता? आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो. सकाळी नऊनंतर अंगणात पाय ठेवला की चटका बसतो, आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत घरातच बसावं लागतं. पण पहाटे साडेपाच ते आठ ही अडीच तासांची वेळ फार कामाची बरं का! आज सांगणार आहे ते काम याच वेळात, रोज थोडं थोडं करून, मागच्या सुटीत आमच्या घरी झालं.

आधी ते का करावं लागलं ते सांगतो.

आमचं गाव पवनी तालुक्यात. कौलारू घर, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण. माझी आई, म्हणजे माझ्या पुतणीची आजी, सकाळ-संध्याकाळ अंगणात बसायची. गुडघे दुखतात, त्यामुळे खाली बसवत नाही. तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. सात-आठ वर्षं, बारा महिने ती अंगणातच पडलेली. एका संध्याकाळी आजी बसायला गेली आणि खुर्चीचा मागचा पाय कडकन मोडला. आजी पाठीवर पडली. मनगटाला सहा आठवडे प्लॅस्टर! हाड जुळलं, पण आजी त्यानंतर अंगणात बसेचना. ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहायची, दमली की आत जायची. "नवी खुर्ची आणू" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "नोको. आता माहा खुर्चीवर भरोसा नाही."

माझी पुतणी सातवीत आहे. तिने ठरवलं, आजीला भरवसा वाटेल अशी खुर्ची करायची. नुसती आणायची नाही, करायची.

पण आधी ती प्लॅस्टिकची खुर्ची मोडली का, ते पाहू. वजन तर आजीचं जेमतेम पंचेचाळीस किलो. दोष उन्हाचा. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. प्लॅस्टिक म्हणजे अणूंच्या लांबच लांब साखळ्या. हे किरण त्या साखळ्या तोडत जातात. वरून खुर्ची खुर्चीसारखीच दिसते, पण आतून बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. तुमच्या अंगणातल्या खुर्चीवरून आत्ता जाऊन बोट फिरवून या पाहू. बोटाला पांढुरकी भुकटी लागली, किंवा पायाच्या वळणावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, तर त्या खुर्चीवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसू देऊ नका. तिच्यावर रंग फासूनही उपयोग नाही. रंगाने तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत.

तर आम्ही भंडाऱ्याला गेलो, भंगारवाल्याकडे. तिथे ढिगात दोन लोखंडी खुर्च्या सापडल्या. घडी होणाऱ्या, लोखंडी पट्टीची चौकट आणि बसायला-टेकायला सागवानी पट्ट्या. लोखंडावर हिरवा रंग, तोही पोपडे निघालेला. पट्ट्या राखेसारख्या करड्या पडलेल्या. पुतणी म्हणाली, "काका, या तर मेल्या आहेत." भंगारवाला हसला आणि त्याने त्या तोलकाट्यावर टाकल्या. हो, अशा ठिकाणी खुर्ची नगावर नाही, किलोवर मिळते!

जुनी वस्तू घेताना रंगाकडे बघायचंच नाही. रंग शेवटी येतो. खिशात एक पेचकस न्यायचा आणि लोखंडावर ठिकठिकाणी त्याच्या दांड्याने ठोकायचं. चांगलं लोखंड टणटण वाजतं. गंजाने खाल्लेलं लोखंड थप्प असा मेलेला आवाज काढतं. मग तिथे पेचकसाचं टोक दाबायचं. आम्ही घाईत पहिली खुर्ची नीट ठोकून पाहिली आणि दुसरी पाहिलीच नाही. घरी आल्यावर दुसरीच्या मागच्या पायात, जमिनीपासून चार बोटांवर, पेचकस असा शिरला जसा पपईत चाकू. म्हणजे दोन आणल्या आणि एकच उरली. चूक माझी. पुतणीने ती घरभर सांगितली.

असो. आता पहिल्या खुर्चीचं काम. पुतणीने लगेच पॉलिश पेपर हातात घेतला आणि घासायला बसली. शेजारी तिचा दोन वर्षांचा भाऊ. हिरवी भुकटी उडाली आणि धाकट्याने त्यात बोट बुडवलं. मी धावत जाऊन दोघांना उचललं. पुतणी रागावली. "काका, नुसता रंग तर आहे!"

नुसता रंग नाही, दोस्तांनो. आई-बाबांनीही हा भाग नक्की वाचावा. जुन्या तैलरंगांत शिसं असे. रंग लवकर वाळावा, चकाकावा म्हणून ते घालत. देवाला लावतात तो शेंदूर माहीत आहे ना? असली शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून त्याचा पहिला हात देत असत. जुना भडक पिवळा रंगही पुष्कळदा शिशापासूनच केलेला. आणि पिवळ्यात निळा मिसळला की कोणता रंग होतो? चित्रकलेच्या तासाला शिकलात ना? हिरवा! म्हणजे आमच्या खुर्चीचा हिरवाही संशयातच आला.

शिसं शरीरात गेलं की लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं. ते चवीला गोडसर लागतं, म्हणून मुलं पोपडे तोंडात घालतात. थोडंसं चालेल असं त्याचं सुरक्षित प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली घरगुती रंगांसाठी नियम केला आणि नोव्हेंबर २०१७ पासून रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वदहून जास्त भाग असायला मनाई झाली. पण त्याआधी लावलेला रंग घरोघरच्या खाटा, खिडक्या, फाटकं यांच्यावर अजून आहेच. म्हणून सरळ हिशेब करायचा. वस्तू त्याआधीची असेल तर रंगात शिसं आहे असं धरून चालायचं.

मग काय करायचं? जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढायचाच नाही. ओल्या फडक्याने पुसून त्याच्यावरच नवा रंग द्यायचा. पोपडे निघाले असतील तिथे घासावं लागतं, पण ते काम मोठ्यांनी करायचं, तुम्ही नाही. आणि कोरडं कधीच घासायचं नाही. आम्ही अंगणाच्या टोकाला जुनी ताडपत्री अंथरली, खुर्चीवर पाणी शिंपडलं आणि मी तोंडाला मास्क लावून वॉटर पेपरने घासलं. हा पाण्यात भिजला तरी न फाटणारा काळा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओल्यामुळे भुकटी उडत नाही, चिखल होतो. तो चिखल फडक्याने टिपून, फडकं आणि ताडपत्री पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळी दिली. शेतात, विहिरीपाशी टाकायची नाही, आणि चुलीत तर मुळीच नाही. मी आंघोळ केली, कपडे वेगळे धुतले. रंग जाळून काढणारेही असतात. त्या धुरातून शिसं थेट छातीत जातं, तेव्हा तो प्रकार नकोच. हे सगळं होईपर्यंत मुलं मामाच्या घरी.

पुतणीला हे अजिबात आवडलं नाही. "म्हणजे मी काय करू? बघत बसू?" तिच्यासाठी खरं तर सगळ्यात मोठं काम राहिलं होतं. गंजाचं.

मी दहावीत असताना आमचं फाटक रंगवलं होतं. गंज होता, पण म्हटलं रंगाखाली झाकून जाईल. दसऱ्याला फाटक चकचकीत, सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि पोळीच्या पापुद्र्यासारखा तो निघून आला. का? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो हे तुमच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकात बहुधा न सांगितलेली गोष्ट अशी की, गंज फुगतो. जेवढ्या लोखंडाचा तो होतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याला लागते. शिवाय तो स्पंजासारखा असतो, ओल धरून ठेवतो. रंगाखाली राहिलेला गंज असा फुगत फुगत वरच्या रंगाला ढकलून देतो. आमच्याकडे पावसाळ्यात साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यापुढे असल्या रंगाचं काय चालणार!

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. तुमच्यापैकी कुणी कल्हईवाल्याला काम करताना पाहिलंय? तो भांडं आधी घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकून कापसाने पुसतो, आणि मग कथलाचा तुकडा टेकवून झरकन हात फिरवतो. कथील फिरवायला क्षणभरच लागतो. बाकीचा सगळा वेळ साफ करण्यात. भांड्याला कुठे मळ राहिला की तिथे कल्हई धरत नाही, आणि तो डाग दिसतोच. आम्ही खुर्चीला कल्हईवाल्याचा हिशेब लावला. रंगवायला दोन सकाळी, आणि त्याआधी साफ करायला सहा!

नट-बोल्ट आधी सोडवले. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर डोकं तुटतं. म्हणून रात्री त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, आणि सकाळी सैल करण्याआधी अगदी थोडासा आवळायचा. कट्ट असा आवाज आला की गंजाची पकड सुटली समजा. मग तो सहज निघतो. मला हे एका सायकल दुरुस्तीवाल्याने शिकवलं. निघालेले नट-बोल्ट पुतणीने रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले. चिंचेतल्या आम्लात गंज विरघळतो. सकाळी पाणी काळंकुट्ट आणि बोल्ट करडे, स्वच्छ. ते सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून लगेच तेल लावायचं. नाही तर उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. तुम्ही चिंच, लिंबू आणि साधं पाणी अशा तीन वाट्यांत तीन गंजके खिळे ठेवून पाहा. कोणती वाटी जिंकते?

चौकटीवरचा जिथे नुसता गंज होता, रंग नव्हता, तो भाग पुतणीने तारेच्या ब्रशने घासला, डोळ्यांवर माझा जुना चष्मा लावून. एका दिवशी एक पाय. चौथ्या सकाळी बिजागरीच्या रिव्हेटपाशी ती अर्धा तास बसली होती. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "इथेच तर आजीचा भार येतो." मी गप्प बसलो.

सहाव्या दिवशी लोखंड चांदीसारखं दिसायला लागलं. त्याच सकाळी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात दिला. हा विटकरी रंगाचा असतो. गंमत पाहा, यात असतो तो लोहाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचा भाऊबंद. पण हा आधीच पुरता गंजून बसलेला, आता त्याला आणखी गंजायचं नसतं. नवा डबा घेताना त्यावर शिसं नसल्याचं लिहिलं आहे ना, ते वाचून घ्या. प्रायमर एक रात्र वाळू दिला, मग निळ्या रंगाचे दोन हात. पातळ, अगदी पातळ! ब्रशवर रंग थबथबलेला असला की काम लवकर होतं असं वाटतं, पण तैलरंग वाळतो तो हवेतला प्राणवायू घेऊन, वरून खाली. जाड थराला वर साय धरते आणि आत तो ओलाच राहतो. मग सुरकुत्या पडतात. भर उन्हातही रंगवायचं नाही. फोड येतात, आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ चिकटते ती वेगळीच.

रंग किती आणायचा? करा गणित. लिटरभर रंगात एका हाताला साधारण दहा चौरस मीटर भाग होतो. आमच्या चौकटीची पट्टी मोजली तर सगळी मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या आतच भरली. दोन हात द्यायचे. मग किती मिलिलिटर? पुतणीचं उत्तर आलं शंभर. मी अंदाजाने अर्ध्या लिटरचा डबा आणून ठेवला होता. तो उरलेला डबा अजून माळ्यावर आहे, आणि विषय निघाला की मला दाखवला जातो.

आता लाकूड. सागवानी पट्ट्या करड्या पडल्या होत्या म्हणून फेकायच्या नव्हत्या. ऊन लाकडाच्या वरच्या थरातलं, तंतू धरून ठेवणारं द्रव्य तोडतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. हे सगळं कागदाच्या जाडीएवढंच असतं. सोडवताना पट्ट्यांच्या मागे खडूने आकडे घातले होते, म्हणजे पुन्हा जागेवर बसवताना गोंधळ नको. या पट्ट्यांना कधी रंग दिलेला नव्हता, त्यामुळे त्या पुतणीच्या ताब्यात दिल्या. मास्क लावून, तंतूंच्या दिशेने, कधी आडवं नाही. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. दहा मिनिटांत करड्याखालून मधासारखा सागवान निघाला आणि पुतणी ओरडली, "काका, ही मेली नव्हती!" एक पट्टी मात्र टोकाला कुजली होती. गावच्या सुतारकाकांनी त्यांच्या ढिगातला सागाचा तुकडा कापून दिला.

लाकडाला काय लावायचं यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, फ्रेंच पॉलिश. ते लाखेचं असतं. आपल्या भागात पळस पुष्कळ, आणि पळसावर लाखेचे किडे वाढतात. ते फांदीवर जे कवच करतात तीच लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश होतं. तुमच्या पणजोबांच्या काळातल्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच असत. पण दुकानदाराने मला वेड्यात काढलं. लाखेवर पाणी पडलं की पांढरे डाग उठतात. घरातल्या कपाटाला ठीक, अंगणातल्या खुर्चीला नाही. मग उपाय काय? आजीनेच सांगितलं, "जवसाचं तेल लाव."

जवस तर आमच्या घरचंच पीक. धान कापणीला यायच्या आधी बांधीतल्या ओलीवर बी फेकतात, धान निघालं की जवस वर येतो. ही उतेऱ्याची रीत. खायचं तेल वेगळं, शेंगदाण्याचं-सोयाबीनचं. मग जवसच का? कारण जवसाचं तेल वाळतं. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. शेंगदाण्याचं तेल लावलं तर महिनाभर चिकट राहील, मुंग्या येतील. खोटं वाटतं? दोन काचांवर एकेक थेंब पसरून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा आणि बोट लावून बघा. आम्ही रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल आणलं, ते लवकर वाळतं. फडक्याने चोळून लावायचं, पंधरा मिनिटांनी वरचं सगळं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन वेळा.

थांबा, तेलाचं फडकं कोपऱ्यात गोळा करून टाकू नका! तेल वाळताना उष्णता निघते. फडक्यांचा गोळा असला की ती आतच कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. ही थाप नाही, अशा आगी खरंच लागतात. फडकी पाण्यात बुडवा, किंवा अंगणात तारेवर एकेक पसरून वाळवा.

पट्ट्या बसल्या, नवे स्क्रू आवळले, बिजागरीत तेलाचा थेंब सोडला. खुर्ची निळी आणि मधाळ, इतकी देखणी झाली की शेजारीपाजारी बघायला आले. आजीही आली. खांबाला टेकून उभी राहिली. बसली मात्र नाही.

पुतणी आत गेली आणि म्हणाली, "काका, तांदळाचे दोन कट्टे बाहेर काढायचे." एक कट्टा पन्नास किलोचा. मी विचारलं, आजी पंचेचाळीस किलोची, दोन कशाला? तर तिचं उत्तर असं की, आजी हळूच बसत नाही, शेवटी धप्पकन बसते. अगदी बरोबर! वजन हळूहळू ठेवण्याऐवजी एकदम टेकवलं तर ताण दुपटीपर्यंत जातो. हे तिच्या शिक्षकांनी सांगितलं होतं की तिचं तिला सुचलं, मी विचारलं नाही. भावाने आणि मी दोन्ही कट्टे खुर्चीवर चढवले. मुलं दूर उभी. खुर्ची करकरली नाही. कट्टे रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पुतणीने चारही पायांपाशी दोरीने मापं घेतली, एकही पाय फाकला नव्हता.

आजी म्हणाली, "आता तू बस." म्हणजे मी! मी अठ्ठ्याऐंशी किलोचा. बसलो. "उठ. आणखी बस." उठलो, बसलो. असं पाच वेळा झाल्यावर आजीने मला हाताने बाजूला केलं, खुर्चीची पाठ घट्ट धरली, आणि बसली. पाच मिनिटं हात सुटेना. मग सुटला. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि उभ्याच राहिल्या, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. दुसरी खुर्ची माझ्या चुकीने गेली होती ना!

म्हणून माळ्यावरची बाज खाली काढली. दोऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या, चौकट लटलट हलणारी. बाजेचं काम आमच्या हातचं नव्हतं. शेजारचे बाबाजी आले. त्यांनी चौकट पाहिली आणि रंग, पेपर, तेल सगळं बाजूला सारायला लावलं. "पहिले इले उनात टाक." दोन दिवस उन्हात. ढेकूण असले तर पळतात आणि लाकूड पुरतं वाळतं. वाळल्यावर सांधे आणखीच सैल झाले. मला वाटलं बिघडलं. बाबाजींनी आता सागाच्या पातळ पाचरी सांध्यांत ठोकल्या. लाकूड पूर्ण आकसलेलं असताना पाचर बसली की पावसाळ्यात ते फुगून सांधा आणखी घट्ट होतो. ओलं असताना ठोकली तर उन्हाळ्यात गळून पडते. हे मला माहीतच नव्हतं.

विणताना बाबाजी बोलत नाहीत. दोरी तिरपी टाकत गेले, एकीवरून, दुसरीखालून, आणि पायथ्याकडे हातभर जागा मोकळीच सोडली. पुतणीला वाटलं दोरी संपली. पण ती जागा ताणाच्या दोरीसाठी असते. नवी दोरी सैल पडतेच. पडली की सगळी बाज उकलायची गरज नाही, तेवढी पायथ्याची दोरी ओढून पुन्हा घट्ट करायची. प्लॅस्टिकची दोरी घेऊ का विचारलं तर बाबाजींनी मोडक्या खुर्चीकडे नुसतं बोट दाखवलं. मी सुतळीची घेतली. तिलाही एक पथ्य आहे, भिजू द्यायची नाही. कुजते.

आता संध्याकाळी आजी निळ्या खुर्चीवर, काकू आणि बाबाजी बाजेवर, आणि धाकटा सगळ्यांच्या मधे. पाऊस सुरू झाला तशी खुर्ची घडी करून ओसरीत आली, बाज भिंतीला उभी राहिली. दिवाळीच्या सुमारास पुतणीने खुर्ची उलटी केली आणि मला हाक मारली. एका पायाच्या तळाशी, जिथे तो जमिनीला घासतो, रुपयाएवढ्या जागेत रंग फुगला होता. मी म्हटलं, फार नाही, पुढच्या सुटीत बघू. तिने काही न बोलता वॉटर पेपरचा तुकडा आणि पाण्याची वाटी आणली. हा आमचाच नवा रंग, शिशाचा नव्हे, म्हणून या वेळी मी तिला घासू दिलं.